‘अ डार्क साँग’ एवढा स्लो का आहे, आणि कावळा कधी शिवतो

तुझा प्रश्न मला कळला तो असा. मित्राच्या रूमवर रात्री ‘अ डार्क साँग’ लावला, पाऊण तासात तिघं घोरायला लागले, तू एकटा शेवटपर्यंत जागा राहिलास पण ‘निम्मा पिक्चर नुसती तयारीच चाललीय, भूत कुठाय’ असं झालं. आणि आता तुला आज्जी गेल्यावर घरात जे काय चाललं त्याच्यावर, करणी-उताऱ्याची वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म करायचीय, कोल्हापुरातच, तर ती अशी संथ ठेवावी का नको, लोक झोपतील का.

भावा, मी साउंडचा माणूस. बावीस वर्षं झाली, बूम धरण्यापासून सुरुवात केली, चित्रनगरीत मालिकांचं लोकेशन साउंड केलं, मग मिक्सिंगला बसलो. दिग्दर्शनाचं ज्ञान मला विचारू नकोस, पण कुठला शॉट लांब आहे आणि कुठला नुसताच लांबवलाय हे टाइमलाइनवर बसून कळायला लागतं, कारण लांबवलेल्या शॉटमध्ये आवाज काय भरायचा हेच सुचत नाही. हा पिक्चर मी चार वेळा बघितलाय, त्यातला एकदा नुसता हेडफोन लावून, स्क्रीन बंद ठेवून. खाली शेवटासकट सगळं सांगितलंय, तुझं बघून झालंय म्हणूनच.

आधी पिक्चर आहे काय ते नीट बघ. २०१६ चा आयरिश पिक्चर, लियाम गॅव्हिनचा पहिलाच. गोष्ट वेल्समधल्या एका लांबच्या ओसाड घरात घडते, शूटिंग मात्र आयर्लंडमध्ये झालेलं. माणसं म्हणशील तर जवळजवळ दोनच. सोफिया, जिचा लहान मुलगा गेलाय, आणि जोसेफ सॉलोमन नावाचा एक तिरसट, तोंडाळ मांत्रिक ज्याला तिनं पैसे देऊन आणलाय. कॅथरिन वॉकर आणि स्टीव्ह ओरम. घराभोवती मिठाची रेघ ओढली की काम पुरं होईपर्यंत दोघांपैकी कुणीही बाहेर पडायचं नाही, आणि काम म्हणजे महिनोन्‌महिने. उपास, जागरण, फरशीवर खडूनं काढलेली वर्तुळं-चौकोन, एकाच जागी तासन्‌तास बसणं, पुन्हा पहिल्यापासून. हेतू काय तर स्वतःच्या रक्षक देवदूताला समोर बोलवायचं आणि त्याच्याकडून एक मागणं पुरं करून घ्यायचं.

आता हा विधी दिग्दर्शकानं मनानं रचलेला नाही. अब्रामेलिनचा म्हणून जुना ग्रंथ आहे, त्याची मांडणी अशी की वर्म्स गावचा अब्राहम नावाचा ज्यू बाप आपल्या लामेख नावाच्या पोराला ही विद्या लिहून ठेवतोय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मॅथर्स नावाच्या इंग्रज गूढविद्यावाल्यानं पॅरिसमधल्या एका फ्रेंच हस्तलिखितावरून तो इंग्रजीत आणला, त्यात विधीला सहा महिने दिलेत, पण जर्मन प्रतींमध्ये तोच विधी अठरा महिन्यांचा आहे. अलिस्टर क्राउली या दुसऱ्या इंग्रज मांत्रिकानं १८९९ ला स्कॉटलंडमध्ये लॉक नेसच्या काठाचं बोलस्किन हाऊस घेतलं ते याच विधीसाठी, आणि तो त्यानं अर्धवट सोडला. म्हणजे एवढ्या महिन्यांचं काम शंभरेक मिनिटांत बसवलंय आणि आपण म्हणतो स्लो आहे.

मला या ग्रंथाच्या दोन गोष्टी पिक्चर बघताना सारख्या आठवतात. एक म्हणजे बापानं पोराला द्यायची विद्या इथं एका आईच्या हातात आलीय जिच्याकडं पोरगंच उरलं नाही. दुसरी म्हणजे ग्रंथात आधी देवदूत येतो आणि मग त्याच्या जोरावर सैतानांना ताब्यात आणायचं असतं, पिक्चरमध्ये क्रम उलटा, आधी सैतान छळतात, देवदूत सगळ्यात शेवटी. ज्याचं माणूस गेलंय त्याला हा उलटा क्रम समजावून सांगायला लागत नाही.

आता स्लो का, त्याच्याकडं येतो. तू लिहिलंस की ‘दुःखाचं वातावरण तयार करायला’ संथ ठेवलाय. मला नाही तसं वाटत. नुसत्या वातावरणासाठी संथ ठेवलेले पिक्चर मी मिक्स केलेत, त्यात धुकं असतं, बाई खिडकीत उभी असते, खाली तंबोऱ्यासारखी घुमणारी एक पट्टी लावून दे म्हणतात, झालं. या पिक्चरमध्ये बाई कामाला लागलेली आहे. एकेक मागणं तिच्या तोंडातून बाहेर पडायला किती दिवस लागतात, त्याचा हा हिशोब आहे.

मोजून बघ. पहिल्यांदा सॉलोमन विचारतो हे कशासाठी करतीयस, ती सांगते प्रेमासाठी. त्याला पटत नाही, तो निघायला लागतो. मग ती सांगते मुलगा गेला, त्याचा आवाज एकदा ऐकायचाय. यावर तो थांबतो, आपणही थांबतो, कारण हे वाक्य ऐकून कुणीही थांबेल. पण विधी पुढं सरकत नाही, महिने जातात, काहीच घडत नाही, आणि मग तिसरं वाक्य बाहेर येतं, की ज्या पोरांनी अघोरी खेळात तिच्या मुलाचा जीव घेतला त्यांच्यावर तिला सूड घ्यायचाय. खोट्या मागण्यावर उभं केलेलं काम सगळं नासलं म्हणून तो तिला बाथटबमध्ये बुडवून मारतो आणि छाती दाबून परत जिवंत करतो, म्हणजे अक्षरशः नव्यानं जन्माला घालतो. आणि चौथं मागणं? सॉलोमन तोवर सुरीची जखम चिघळून मेलेला, तिचं एक बोट तुटलेलं, समोर तो भलामोठा चिलखत घातलेला देवदूत, आणि तिथं ती सूड मागत नाही, क्षमा करायची ताकद मागते.

चार मागणी म्हणजे चार वाक्यं, आणि अख्खा पिक्चर या चार वाक्यांमधलं अंतर आहे. ते अंतर कापलंस तर चौथं वाक्य भाषणासारखं वाटलं असतं. तुझे मित्र झोपले ते तिसऱ्या वाक्याच्या आधी, म्हणून त्यांच्या वाटणीला नुसती तयारी आली.

हे मला कळलं ते पिक्चर बघून नाही खरं तर, घाटावर कळलं.

२०१४ च्या पावसाळ्यात वडील गेले. पंचगंगेच्या स्मशानात शेणीवर दहन, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. तू आज्जीच्या वेळी गेला असशीलच, त्यामुळं पद्धत सांगत नाही, पण त्यात एक अर्धा-पाऊण तास असतो तो आठव. निवद ठेवलेला असतो, गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं, आमच्या वडिलांसाठी भाकरी, खर्डा, कपभर चहा आणि पानाचा विडा होता, आणि पन्नास-साठ माणसं मागं सरकून उभी राहतात आणि सगळी वर बघत असतात. कावळे झाडावर असतात. येत नाहीत. मग एकेक जण पुढं होऊन बोलायला लागतं. ‘आईला सांभाळतो, काळजी करू नका.’ नाही. ‘धाकट्याचं लग्न यंदाच करतो.’ नाही. ‘बांधाचा वाद मिटवतो.’ एक कावळा खालच्या फांदीवर येतो, परत जातो. लोक एकमेकांकडं बघायला लागतात, कुणीतरी कुजबुजतं की मनात काहीतरी राहिलंय त्यांच्या. कुणाचं काय राहिलंय, कुणी काय लपवलंय, कुणाचं काय देणं होतं, हे सगळं त्या वेळात घरच्यांच्या डोळ्यांपुढनं जातं.

एवढा भीतीचा सीन मी आजवर कुठल्या पिक्चरमध्ये बघितला नाही, आणि त्यात घडत काही नाही, लोक आभाळाकडं बघतायत आणि बोलतायत. कावळा भुकेनं येतो, गर्दी कमी झाली की येतो, हे मलाही कळतं रे. पण तिथं उभं असताना कळून उपयोग नसतो. गेलेल्या माणसाला काय पाहिजे होतं ते ओळखायचं, खरं वाक्य सापडेपर्यंत एकेक वाक्य टाकून बघायचं. सोफिया तेच करतेय, फक्त तिच्याकडं घाट नाही, भाऊबंद नाहीत, आत्या-मामा नाहीत, म्हणून पैसे देऊन एक तिरसट माणूस आणावा लागतो आणि जे आपल्याकडं बारा-तेरा दिवसांत सगळे मिळून उरकतात ते तिला एकटीला महिनोन्‌महिने करायला लागतं.

आता तुझ्या शॉर्ट फिल्मचं. संथ ठेव, पण उंबरे दे. म्हणजे काय सांगतो. अंबाबाईचा किरणोत्सव बघितलास ना, नोव्हेंबरात ९-१०-११ आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येतं आणि पुढं पुढं सरकतं, एवढंच तर असतं. त्याच्यापेक्षा स्लो काय असणार? तरी हजार माणसं श्वास धरून बसतात, कारण पुढचा टप्पा प्रत्येकाला पाठ असतो, गरुड मंडप झाला, आता पितळी उंबरा, आता चांदीचा उंबरा, आता चरण, पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आणि कधी ऐनवेळी ढग आडवा येतो आणि किरण कमरेवरच संपतात, तेव्हा जो ‘अरेरे’ निघतो तो ऐकण्यासारखा असतो. संथ गोष्टीत पब्लिक कंटाळतं ते वेळ लागतो म्हणून नाही, कुठवर आलोय ते कळत नाही म्हणून. ‘अ डार्क साँग’मध्ये सॉलोमन सारखा सांगत असतो, या खोलीत हे, त्या खोलीत ते, हे झालं की ते. चिडून सांगतो, पण सांगतो. तुझ्या गोष्टीत ते काम देवऋष्याला नको देऊस, घरातल्या एखाद्या काकूला दे, जिला सगळं माहिती असतं आणि जी स्वैपाक करता करता हुकूम सोडत असते.

उताऱ्याचंही तसंच. स्क्रिप्टमध्ये तू उतारा दोन ओळीत उरकलायस, ‘लिंबू, कुंकू, नारळ, बाहुली, रात्र’, आणि लगेच पोरगी किंचाळते. उलट कर. दुपारी नारळ आणायला गेलेला पोरगा, दुकानदारानं विचारलेलं ‘कशाला पाहिजे, देवाला का दुसऱ्याला’, भाताला काळे तीळ लावणारे हात, मीठ-मोहरी ओवाळताना मोजले जाणारे आकडे, आणि मग तो उतारा तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, ठेवायला निघालेला माणूस, ज्याला सांगितलंय मागं वळून बघायचं नाही. तिकटी हा शब्द आपल्या गावात रोज तोंडात असतो, पापाची तिकटी, मिरजकर तिकटी, वडाप तिथंच थांबतं, चहा तिथंच पितो, आणि उतारा ठेवायची जागाही तिकटीच. रात्री दोन वाजता मोकळी तिकटी आणि एक माणूस चालतोय, फक्त चपलेचा आवाज. याच्यावर तुला भूत लागणार नाही.

हातांचे शॉट लांब ठेव, चेहऱ्यांचे नको. हात काहीतरी करत असतात तोवर बघणारा थांबतो. चेहरा नुसता दुःखी असेल तर सहा सेकंदांत मोबाईल बाहेर येतो.

साउंडबद्दल थोडं जास्त बोलतो, माझा विषय आहे.

कोल्हापुरात शांत घर नसतं. कुकर, रिक्षा, तालमीतली पोरं, कुणाच्या तरी घरातली मालिका, पहाटे देवळातली घंटा. पोरं हॉरर करायची म्हणून पहिल्या शॉटपासून सगळं बंद करतात आणि खाली घुमणारा एक सूर लावतात, मग भीती वाढवायला जागाच उरत नाही, शेवटी ढॅण् करून दचकवायचं एवढंच हातात राहतं. तू सुरुवातीला सगळे आवाज भरून ठेव आणि एकेक काढत जा. पहिल्या दिवशी शेजारची मालिका बंद. नंतर फ्रिजची घरघर. नंतर घड्याळ. कुणाच्या लक्षात येणार नाही पण सातव्या मिनिटाला खुर्चीत अवघडल्यासारखं होईल. त्यासाठी प्रत्येक खोलीचा दोन-तीन मिनिटं नुसता रिकामा आवाज रेकॉर्ड करून ठेव, युनिट जेवायला गेल्यावर नाही, शूटिंगच्या आधी, सगळ्यांना गप्प उभं करून. जुन्या वाड्यात शूट करणार असशील तर जुलै-ऑगस्ट टाळ, पत्र्यावरचा पाऊस डायलॉगमधनं काढता येत नाही, मी एकदा असा अख्खा सीन डबिंगला पाठवलाय आणि प्रोड्यूसरनं त्याचे पैसे माझ्याच बिलातनं कापलेत.

पिक्चरमध्ये सगळ्यात भारी जागा आवाजाचीच आहे. दाराच्या पलीकडनं तिच्या मेलेल्या मुलाचा आवाज येतो. दार बंद, पोरगं दिसत नाही, नुसता आवाज. तिनं आधी मागितलं काय होतं? मुलाचा आवाज ऐकायचाय. तेच मिळालं, आणि ते उघडण्यासारखं नाही हे तिला कळतंय. हेडफोन लावून हा भाग ऐकताना मी पॉज केलेला. त्याच्या मानानं नंतरचे ते तळघरातले राखाडी अंगाचे सैतान मला कमी पडले, दिसले आणि माणसं वाटली. देवदूताबद्दल लोक भांडतात, काहींना हसू येतं. मला तो आवडतो, एवढं घासून काम केल्यावर समोर नुसता प्रकाश दाखवून भागवलं असतं तर मी चिडलो असतो.

आणि कावळा. तुझ्या शेवटच्या सीनमध्ये कावळा आहे म्हणून सांगतो, बाहेरच्या साउंड लायब्ररीतला कावळा घेऊ नकोस. तो बहुतेक वेळा तिकडचा रेव्हन नाहीतर तिकडचा कावळा असतो, घोगरा, जड. आपला गावकावळा वेगळा ओरडतो, किरटा, घाईतला, जवळपास डोमकावळा असेल तर त्याचा जाड आवाज मधनं येतो. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत कुणी पकडणार नाही, पण कोल्हापुरात पहिल्या ओळीतला म्हातारा लगेच म्हणेल ह्यो आपला न्हवं.

एक सांगायचं राहिलं, देवऋषी खरा आणि त्याच्या उताऱ्यानं सगळं बरं झालं असा शेवट करू नकोस. २०१३ पासून आपल्याकडं जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो काय तुझ्या फिल्मच्या मागं लागणार नाही, पण ज्या जिल्ह्यात अजून अमावस्येला लोक पैसे घेऊन अशा माणसाच्या दारात बसतात तिथं त्याची जाहिरात आपण का करायची. पिक्चर बघ, सॉलोमन खरा आहे का भोंदू हे कितीतरी वेळ कळू देत नाहीत, आणि कळतं तोवर तो स्वतःच मेलेला असतो. तुझ्या घरात आज्जी गेल्यावर कुणाला काय मागायचं होतं ते शोध आधी. तू लिहिलंयस ‘आज्जीवर करणी झाली होती असं आई म्हणते’. आई ते कुणाबद्दल म्हणते? आणि ते म्हणून ती कुठलं वाक्य टाळतेय? मला वाटतं तुझी स्क्रिप्ट तिथं आहे, बाहुलीत नाही. विचारायला जड जाईल, तर लगेच विचारू नकोस, वर्षश्राद्ध होऊ दे.

वडिलांचं अर्धवट सोडलं वर, ते पुरं करतो. रक्षाविसर्जनाला माझ्या खिशात छोटा रेकॉर्डर चालू होता. मुद्दाम नाही, सवय, घरातनं निघताना बटण दाबलं गेलं असणार. चव्वेचाळीस मिनिटांची फाईल आहे. ती मी दोन वर्षं उघडली नव्हती, हा पिक्चर बघितला त्या रात्री उघडली. सगळी वचनं ऐकू येतात, माझं पण, चुलत्यांचं पण. सदतिसाव्या मिनिटाला लोक कंटाळलेत, दर्भाचा कावळा करून उरका असं कुणीतरी म्हणतंय, चहाचं बोलणं सुरू झालंय, आणि तेव्हाच फडफड येते आणि सगळे एकदम ‘शिवला, शिवला’. त्याच्या बरोबर आधी, चारेक सेकंद, माझ्या शेजारी उभी असलेली आत्या काहीतरी बोललीय. हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं. मधे गर्दीचा गलका आहे. बावीस वर्षांचा अनुभव, नॉइज काढायची सगळी सॉफ्टवेअर मशीनवर आहेत, अर्ध्या तासाचं काम आहे. एकदा सुरू केलं होतं, दोन शब्द जरा वर यायला लागले आणि फाईल बंद केली. आत्या अजून आहे, मंगळवार पेठेतच राहते.

तुझा दुसरा ड्राफ्ट झाला की घेऊन ये. रिकाम्या खोल्यांचे आवाज, तिकटीवरची रात्र, गावकावळा, सगळं माझ्याकडं आहे, पैसे नकोत. घाटावरची ती एक फाईल तेवढी मागू नकोस.